शिक्षा, क्षमा आणि लोकमत
(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

न्याय हा विषय असा आहे की त्यावर मत नाही असा माणूस सापडणे कठीण. प्रकृती बिघडली तर आपण डॉक्टरांना विचारतो, यंत्र बिघडले तर मेकॅनिकला बोलावतो. पण एखाद्या गुन्हेगाराला कोणती शिक्षा व्हावी हे विचारायला आपण कुणाकडे जात नाही. ते उत्तर आपल्याजवळ तयारच असते. निगडीहून सुटणाऱ्या बसमध्ये, आकुर्डीच्या भाजी मंडईत, चाकणच्या कारखान्यातील कॅन्टीनमध्ये आणि आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर रोज न्यायनिवाडे होत असतात. बहुतेक निकाल एका वाक्यात संपतात. एक तर "फाशी द्या", नाही तर "सोडून द्या हो, बिचारा आहे."

लोकांच्या या न्यायालयाला मी हसत नाही. ज्या समाजाला अन्याय पाहून राग येत नाही तो समाज मेलेला समजावा. रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव अडीचशे वर्षे आपण घेत आलो, ते का? १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि त्या प्रकरणात प्रत्यक्ष राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगण्याची हिंमत एका न्यायाधीशाने दाखविली, म्हणून. ती शिक्षा प्रत्यक्षात कधीच अमलात आली नाही. शास्त्रीबोवा पुणे सोडून गेले. तरीही लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. याचा अर्थ असा की लोकांच्या मनात शिक्षेच्या अंमलबजावणीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मोल समन्यायाला आहे. मोठ्याला एक आणि लहानाला एक असा न्याय नको, ही आपली जुनी भूक आहे.

परंतु राग हा न्यायाचा आरंभ असला तरी शेवट असू शकत नाही. आपल्याच पिंपरी-चिंचवडच्या परिसरात घडलेल्या एका प्रकरणाच्या आधाराने हा विषय समजून घ्यावा आणि समजला तसा मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गहुंजे : एक गुन्हा, सतरा वर्षे

आज गहुंजे म्हटले की क्रिकेटचे मैदान आठवते. पण हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्या मुलींच्या आयांना वेगळेच काही आठवते. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री हिंजवडीच्या एका कंपनीत कामाला निघालेली एक तरुणी कंपनीने ठरवून दिलेल्या गाडीत बसली. गाडीचा चालक आणि त्याचा एक साथीदार यांनी तिला गहुंजेच्या बाजूला नेले, तिच्यावर अत्याचार केले आणि तिचा खून केला. ज्या गाडीवर विश्वास ठेवून घरच्यांनी मुलीला दारातून निरोप द्यायचा, तीच गाडी घात करते, ही गोष्ट या भागाच्या जिव्हारी लागली. मी तेव्हा दोन वर्षांची होते. मला त्या दिवसांचे काहीच आठवत नाही. पण त्यानंतर गाड्यांमध्ये सुरक्षारक्षक बसवणे, एकटी मुलगी शेवटी उतरणार नाही अशा बेताने फेरी आखणे, गाडी कुठे आहे यावर नजर ठेवणे, या ज्या गोष्टी रुळल्या, त्या घरात ऐकतच मी मोठी झाले. माझी थोरली बहीण आज हिंजवडीला रात्रपाळी करते. गाडी घरासमोरून वळेपर्यंत आई गॅलरीतून हलत नाही. तेव्हा हा विषय माझ्या दृष्टीने केवळ पुस्तकातला नाही.

खटल्याचा प्रवास असा झाला. मार्च २०१२ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने दोघांनाही फाशीची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. पुढे दयेचे अर्ज झाले. राज्यपालांनी २०१६ साली आणि राष्ट्रपतींनी मे २०१७ मध्ये ते फेटाळले. म्हणजे दया दाखविण्याचा अधिकार असलेल्या दोन्ही सर्वोच्च दारांवर "नाही" असे उत्तर मिळाले.

यानंतर काय व्हायला हवे होते? कायद्याप्रमाणे सत्र न्यायालयाने फाशीची तारीख ठरवून वॉरंट काढायला हवे होते. ते निघाले एप्रिल २०१९ मध्ये. राष्ट्रपतींच्या नकारानंतर सुमारे दोन वर्षे कागद हलत राहिले आणि दोन माणसे येरवड्याच्या कोठडीत आजची रात्र शेवटची की उद्याची, हे न कळता बसून राहिली. फाशीसाठी २४ जून २०१९ ही तारीख ठरली होती. त्याआधी दोघांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने प्रथम स्थगिती दिली आणि २९ जुलै २०१९ रोजी फाशी रद्द करून एकूण ३५ वर्षांच्या कैदेची शिक्षा दिली. भोगलेला काळ त्यात धरला जाणार असल्याने ती २०४२ च्या सुमारास पुरी होते. शासन या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही उच्च न्यायालयाचाच निर्णय उचलून धरला.

या शेवटच्या बातमीच्या दिवशी आमच्या घरात, शेजारी आणि कॉलेजात जी वाक्ये मी ऐकली ती बहुधा वाचकांनीही ऐकली असतील. "पस्तीस वर्षे सरकारी भाकरी खाणार." "गेलेली मुलगी परत येणार आहे का?" "आरोपीला हक्क, आणि तिला?" एक काकू म्हणाल्या, "कोर्टाने माफ केलं त्यांना." माझ्या मते सगळा गैरसमज या एका वाक्यात साठलेला आहे. कोर्टाने त्यांना माफ केले का?

माफी कशाला म्हणायचे?

आपण बोलताना चार वेगवेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो. जामीन मिळाला तरी "सुटला", शिक्षा कमी झाली तरी "सुटला", शिक्षेत सूट मिळाली तरी "सुटला" आणि खरोखर निर्दोष ठरला तरीही "सुटला". हे वेगळे करून पाहिल्याशिवाय लोकमताचा राग योग्य जागी पोहोचणार नाही.

जामीन ही शिक्षा नव्हे आणि सुटकाही नव्हे. खटला चालेपर्यंत आरोपीने बाहेर राहावे की आत, एवढाच तो प्रश्न असतो. दया हा राज्यघटनेने दिलेला अधिकार आहे. कलम ७२ प्रमाणे राष्ट्रपती आणि कलम १६१ प्रमाणे राज्यपाल शिक्षा माफ करू शकतात किंवा सौम्य करू शकतात. सूट म्हणजे तुरुंगातील वर्तन पाहून शासनाने कैदेचा काळ कमी करणे. चौथी गोष्ट म्हणजे न्यायालयाने स्वतःच एका शिक्षेऐवजी दुसरी देणे. गहुंजे प्रकरणात घडले ते हे चौथे. राज्यपाल आणि राष्ट्रपती या दोघांनीही दया नाकारली होती, आणि न्यायालयानेही दया दाखविली नाही. दोघांचा गुन्हा कमी भयंकर होता असे कोणत्याही न्यायालयाने म्हटले नाही. न्यायालय म्हणाले ते एवढेच की फाशीच्या छायेत माणसाला विनाकारण वर्षानुवर्षे ताटकळत ठेवणे हीच एक वेगळी शिक्षा आहे, ती कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही, आणि घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जीविताच्या हक्काशी ती विसंगत आहे. जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व सांगितले होते आणि दयेच्या अर्जांना झालेल्या अवाजवी विलंबामुळे अनेकांची फाशी जन्मठेपेत बदलली होती.

हे तत्त्व मी आईला समजावून सांगितले तेव्हा तिने विचारलेला प्रश्न मला फार मार्मिक वाटला. ती म्हणाली, "उशीर केला कोणी? कचेऱ्यांनी. मग त्याचा फायदा गुन्हेगाराला आणि शिक्षा त्या मुलीच्या आईबापांना, असं का?" या प्रश्नाला पूर्ण समाधान करणारे उत्तर माझ्यापाशी नाही. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. हा राग ज्यांनी निकाल दिला त्या न्यायाधीशांवर काढण्यापेक्षा ज्या टेबलांवर कागद पडून राहिले त्या टेबलांकडे वळायला हवा. सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ च्या निकालात तेच केले. दयेच्या अर्जांसाठी राज्यांनी स्वतंत्र कक्ष नेमावेत, सत्र न्यायालयांनी अशा प्रकरणांवर लक्ष ठेवून विनाविलंब पुढची पावले उचलावीत, असे निर्देश दिले. लोकमताने आग्रह धरायचा तर तो या निर्देशांच्या अंमलबजावणीसाठी धरला पाहिजे. फाशीच्या घोषणा देऊन मोर्चा काढणे सोपे आहे, "आमच्या राज्यात असा कक्ष नीट चालतो का?" असे विचारणारा मोर्चा मात्र मी अजून पाहिलेला नाही.

येथेच आणखी एक समज तपासून घेऊ. "जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे" हे वाक्य आपण सर्वजण म्हणतो. ते खरे नाही. १९६१ साली गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य. शासनाने सूट दिली तरच ती आधी संपते. चौदा हा आकडा १९७८ च्या दुरुस्तीने कायद्यात आला. ज्या गुन्ह्यांना फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यांतील जन्मठेपेच्या कैद्याला चौदा वर्षे भोगल्याशिवाय सोडू नये, असे ती दुरुस्ती सांगते. म्हणजे चौदा ही कमीत कमी मर्यादा आहे. आपण तिला जास्तीत जास्त समजून बसलो. पुढे २००८ साली स्वामी श्रद्धानंद प्रकरणापासून न्यायालये फाशी आणि चौदा वर्षे यांच्यामधला मार्ग वापरू लागली : वीस, तीस, पस्तीस वर्षे अशी ठरावीक कैद. गहुंजे प्रकरणातील ३५ वर्षे त्याच वाटेने आली.

तीनशे शब्दांचा निबंध

आता दुसरे उदाहरण घेऊ. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव परदेशी बनावटीच्या मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते ठार झाले. मोटार चालविणारा मुलगा अठरा वर्षांचा व्हायला काही महिने कमी होते. काही तासांतच त्याला बाल न्याय मंडळाने जामीन दिला आणि अटींमध्ये एक अट घातली : रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहावा. त्यानंतर काय उसळले ते सर्वांना आठवत असेल. निषेध म्हणून अपघाताच्या जागीच निबंध स्पर्धा भरवली गेली! तीन दिवसांत मंडळाने आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठविले. पुढे २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते पाठविणे बेकायदा ठरवून त्याची सुटका केली. जुलै २०२५ मध्ये मंडळाने त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी फेटाळली.

"दोन जिवांची किंमत तीनशे शब्द" हे वाक्य त्या दिवसांत घरोघर ऐकू आले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर नाही, कारण निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. परंतु लोक निव्वळ अज्ञानाने रागावले होते असे मला मुळीच वाटत नाही. त्यांच्या रागाच्या मुळाशी एक अचूक संशय होता, की हीच तत्परता गरिबाच्या मुलाच्या वाट्याला आली असती का? काही दिवसांनी ससून रुग्णालयातील रक्ताच्या नमुन्याची अदलाबदल केल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाच अटक झाली, तेव्हा त्या संशयाला आणखी बळ मिळाले.

हा संशय किती खोल आहे हे पाहायचे तर पुण्याचेच एक जुने प्रकरण त्याच्या शेजारी ठेवावे. १९९४ साली पौड रस्त्यावर सात जणांचे खून झाले. त्यातील एका आरोपीला १९९८ साली फाशीची शिक्षा झाली आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तो राजस्थानातून मजुरीसाठी आलेला मुलगा होता. शाळेच्या दाखल्यावरून पुढे सिद्ध झाले की गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय साडेबारा वर्षांच्या आसपास होते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मुक्त केले, तेव्हा त्याने तुरुंगात २८ वर्षांहून अधिक काळ काढला होता आणि त्यातील बरीच वर्षे फाशीच्या दोराकडे पाहत. एका मुलाचे वय पहिल्याच दिवशी सर्वांना ठाऊक होते, कारण ते सांगायला वकील हजर होते. दुसऱ्याचे वय कळायला अठ्ठावीस वर्षे लागली. सात निरपराध जिवांच्या हत्येचे गांभीर्य यामुळे तिळभरही कमी होत नाही. पण वयाचा नियम दोघांना सारखाच होता. नियमाचे दार उघडण्याची किल्ली मात्र एकाच्याच खिशात होती. आपण संतापायचे ते या किल्लीवर. "अल्पवयीनांचा कायदाच रद्द करा" असे आपण संतापाने म्हणतो, तेव्हा मोटारवाल्याच्या मुलाचे काही बिघडत नाही. पहिला बळी मजुराचा मुलगा ठरतो.

कारखान्यातला न्याय

पुस्तकी चर्चेपेक्षा आपल्या परिसरातील अनुभव पाहावा म्हणून मी वडिलांना आणि त्यांच्या मित्रांना बोलते केले. वडील भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे मशीनवर काम करीत आहेत. ही सारी मंडळी गहुंजेच्या आरोपींबद्दल एकमुखाने म्हणाली, "दुसऱ्याच दिवशी लटकवायला हवं होतं." मग मी विषय बदलला. रात्रपाळीत मशीनशेजारी झोपलेल्या कामगाराला कामावरून काढावे का, असे विचारले. एकदम सूर बदलला. "त्याची आधीची नोंद काय आहे? घरी कोणी आजारी होतं का? चार्जशीट दिली का? चौकशीत त्याला बोलू दिलं का? आधी समज द्या, चार दिवस घरी बसवा. एकदम पोटावर पाय कशाला?"

दोन्ही गुन्ह्यांची तुलना होऊ शकत नाही, हे मला ठाऊक आहे. एका बाजूला डुलकी आहे, दुसऱ्या बाजूला खून. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की या लोकांना न्यायाची सगळी सूत्रे तोंडपाठ होती : आरोप लेखी हवा, बाजू मांडायची संधी हवी, मागची वर्तणूक पाहावी, शिक्षा अपराधाच्या प्रमाणात असावी. कामगार चळवळीने झगडून हीच सूत्रे मिळविली. औद्योगिक विवाद कायद्यात १९७१ साली घातलेल्या ११-अ या कलमाने तर बडतर्फीची शिक्षा अवाजवी वाटल्यास ती कमी करण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला दिला होता. त्या कलमाला कोणी "माफी" म्हटले नाही. त्याला कामगारांनी न्यायच म्हटले.

मग फरक कुठे पडतो? माझे उत्तर असे आहे की ज्याची सगळी गोष्ट आपल्याला माहीत असते त्याच्याविषयी आपण प्रमाणाने विचार करतो आणि ज्याचे फक्त कृत्य माहीत असते त्याच्याविषयी संतापाने. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली बचन सिंग प्रकरणात फाशी घटनेत बसते असे चार विरुद्ध एक मतांनी ठरविले, पण ती "दुर्मिळातील दुर्मिळ" प्रकरणातच द्यावी आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहावा, असे बंधन घातले. तीनच वर्षांनी मच्छी सिंग प्रकरणात समाजाच्या सामूहिक सदसद्विवेकाला बसलेल्या धक्क्याचा उल्लेख आला आणि त्या दाराने लोकमत न्यायालयात शिरले. २००९ साली महाराष्ट्रातीलच बरियार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धोक्याची सूचना दिली, की लोकांचा कल पाहून शिक्षा ठरविणे बचन सिंगच्या चौकटीत बसत नाही. मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणात नोव्हेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी आजन्म कारावासात बदलली, तेव्हाही लोकक्षोभ हा शिक्षेचा आधार होऊ शकत नाही असेच सांगितले. मेलेल्या माणसाचा पश्चात्तापही संपतो. त्याने जगावे आणि रोज पश्चात्ताप करावा, असा त्या निकालाचा भाव होता.

झटपट न्यायाची आपली हौस तुरुंगापर्यंतही थांबत नाही. गेल्या काही वर्षांत पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये कोयते नाचविणाऱ्या, रात्री गल्लीतल्या गाड्या फोडणाऱ्या टोळक्यांनी सामान्य माणसाला जेरीस आणले आहे. हप्ते भरून घेतलेली रिक्षा सकाळी फुटलेल्या काचांसह दिसली की काय वाटते, हे आमच्या वस्तीत सांगावे लागत नाही. म्हणून आरोपींची त्याच वस्तीतून धिंड निघाली की लोक टाळ्या वाजवितात. टाळी मला समजते. पण धिंड निघते ती आरोपीची, दोष सिद्ध झालेल्याची नव्हे. आणि उद्या चुकीच्या मुलाची निघाली, तर ती परत कशी घ्यायची?

क्षमा कोणाची?

आपण राहतो तो भाग कारखान्यांचा आहे, तसाच तो देहू-आळंदीचाही आहे. ज्ञानेश्वरांनी ग्रंथाच्या शेवटी जे मागणे मागितले त्यात दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्यातला दुष्टपणा जावा, असे मागितले. मंबाजीने काटेरी फांदीने मारले तरी तुकोबा त्याला कीर्तनाला बोलवायला गेले, अशी कथा देहूत सांगतात. त्याच तुकोबांनी नाठाळांबाबत सडेतोड भाषाही वापरली आहे. म्हणजे संतांची क्षमा दुबळी नव्हती.

मात्र एक भेद आपण नीट पाळला पाहिजे. मार तुकोबांना बसला होता, म्हणून क्षमा करण्याचा अधिकार तुकोबांचा होता. गहुंजेच्या मुलीच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कोणालाच नाही. शासनाला नाही, न्यायाधीशाला नाही, आणि उदार मनाच्या लेखकालाही नाही. तिच्या आईवडिलांनी क्षमा केली नाही तर त्यांना संतांचे दाखले देणे हा क्रूरपणा आहे. क्षमा ही व्यक्तीची गोष्ट आहे आणि ती मागून मिळत नाही. राज्याचे काम क्षमा करणे हे नसून न्याय करणे हे आहे. त्या न्यायात गुन्हेगारालाही माणूस म्हणून वागविणे येते, आणि पीडितांना विसरून न जाणेही येते.

गुन्हेगाराला माणूस म्हणून वागविण्याचा धाडसी प्रयोग महाराष्ट्राच्या मातीत झालेला आहे. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने तेथे गंभीर गुन्ह्यांतील कैदी बेड्यांवाचून शेती करू लागले. याच प्रयोगावरून प्रेरणा घेऊन व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. तो पाहताना ज्या प्रेक्षकांचे डोळे पाणावले, त्यांनीच बाहेर येऊन "फासावर चढवा" म्हटले असेल. यात ढोंग नाही. पडद्यावर सगळी गोष्ट दिसते, वर्तमानपत्रात फक्त मथळा दिसतो.

पीडितांच्या बाजूने मात्र आपण फार कमी केले. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठी राज्याने २०१३ साली 'मनोधैर्य' योजना आणली, ही चांगली गोष्ट झाली. पण खटला कुठवर आला, तारीख का पुढे गेली, आरोपीला जामीन मिळाला का, हे पीडिताच्या घरच्यांना बहुधा इतरांच्या तोंडून कळते. आपला संताप निकालाच्या दिवशी पेटतो आणि दुसऱ्या दिवशी विझतो. त्या घराची वर्षे मात्र एकेक करून जातात.

उपसंहार

या सर्व चर्चेतून मला जे हाती लागले ते थोडक्यात सांगते. लोक क्रूर आहेत म्हणून फाशी मागतात असे नाही. शिक्षा होईलच याची खात्री नसते, म्हणून ते सर्वांत मोठी शिक्षा मागतात. दुकानदाराने माप मारण्याची सवय असली की गिऱ्हाईक आधीच जास्त मागून ठेवते, तसे हे आहे. २००७ सालचा गुन्हा २०१० च्या आत शेवटच्या न्यायालयापर्यंत निकाली निघाला असता, आणि श्रीमंताचा व मजुराचा मुलगा एकाच दारातून आत गेले असते, तर पस्तीस वर्षांची कैद कुणाला "माफी" वाटली नसती.

तेव्हा वाचक मित्रमैत्रिणींनो, यापुढे एखाद्या निकालाची बातमी आली की "सुटला" म्हणण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारू या. ही शिक्षा आहे की जामीन? उशीर झाला असेल तर तो कोणामुळे? आणि याच आरोपाखाली एखाद्या गरिबाच्या किंवा श्रीमंताच्या पोराला हेच मिळाले असते का? या तीन प्रश्नांना पाच मिनिटे लागतात. राग तेवढा वेळ थांबू शकतो. थांबलेला राग विझत नाही. तो योग्य दारावर जाऊन थाप मारतो. माझ्या बहिणीची रात्रीची गाडी सुरक्षित राहायची असेल तर अशा रागाचीच आपल्याला गरज आहे.